दखल घेतली

कुंदा वारघडेच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक हिरवं बटण होतं. त्यावर 'दखल घेतली' असं लिहिलेलं होतं, आणि ते एकदा दाबलं की कसलीच दखल घ्यावी लागत नसे.

ते बटण तिनंच बसवलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाशिकच्या पहारा केंद्रात ती सूचना विभागाची प्रमुख होती. पाच जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांचे सगळे संगणक या एका इमारतीतून सांभाळले जात. कुठल्या संगणकात मालवेअर शिरलं की त्याची सूचना कुणाला जावी, किती मोठ्यानं जावी आणि कधी जाऊच नये, हे कुंदा ठरवायची. बत्तिसाव्या वर्षी मिळालेलं हे पद तिला फार मोठं वाटत असे.

पहारा करायला 'राखणदार' होता. पूर्वीचे अँटिव्हायरस चोरांचे फोटो खिशात घेऊन फिरत. फोटोतला चोर दिसला तरच ओरडत. राखणदाराला चोराचा चेहरा माहीत असायची गरज नव्हती. तो घराच्या सवयी शिकायचा. हा संगणक सकाळी किती वाजता जागा होतो, कुठल्या फाइली उघडतो, किती वीज खातो, रात्री झोपतो की नाही. सवय मोडली की त्याच्या मनातला संशयाचा आकडा वाढायचा. शंभरापैकी सत्तरच्या वर गेला की नाशिकला सूचना यायची.

इथवर ठीक होतं. पण राखणदार आणखीही एक गोष्ट शिकायचा. सूचना आल्यावर माणसांनी काय केलं, ते तो बघायचा. माणसं धावली तर त्या ठिकाणाबद्दल तो अधिक सावध व्हायचा. माणसांनी सूचना झटकून टाकली, तर आपलंच चुकलं असेल असं समजून पुढच्या वेळी संशय कमी करायचा. कागदावर ही कल्पना फार शहाणपणाची दिसत होती.

आता डोंगरातल्या दवाखान्यांच्या सवयी त्या काय असणार? वीज जाते, नेट तुटतं, एका पासवर्डवर चौघं काम करतात, कुणी पेनड्राइव्ह लावतं. तिथून रोज सकाळी तीनशे-तीनशे सूचना यायच्या. आणि दर मंगळवारी अकरा वाजता संचालिकाबाईंसमोर आढावा असायचा. भिंतीवरच्या मोठ्या फलकावर सगळे दवाखाने ठिपक्यांनी दिसत, आणि ठिपके हिरवे असावेत अशी केंद्रप्रमुख मिराशी साहेबांची साधी अपेक्षा असे. मग कुंदानं सोय केली. दुर्गम भागातल्या सगळ्या सूचनांवर एकदम खूण करायची आणि बटण दाबायचं. चहा यायच्या आत फलक हिरवागार.

राखणदार शिकला. यंत्रं फार मन लावून शिकतात. दुर्गम म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगं, असं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यानं माणसांच्या बोटांकडून उचललं. चार महिन्यांत डोंगरातून सूचना यायच्याच बंद झाल्या. मिराशी साहेबांनी पेढे वाटले.

*

शनिवारी दुपारी ताईचा फोन आला. यमुनाताई कुंदापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. जव्हारच्या पुढे वांगणपाड्याच्या आरोग्य केंद्रात ती एकोणीस वर्षं नर्स होती. कुंदाची दहावी तिथल्याच क्वार्टरमध्ये झाली होती. लशीच्या फ्रीजशेजारच्या टेबलावर ती अभ्यास करायची, आणि वीज गेली की ताई स्वतःची गोधडी काढून फ्रीजवर टाकायची.

"मला नोटीस आलीय," ताई म्हणाली. "लस मुद्दाम वाया घालवली म्हणून. तीन दिवसांत खुलासा दे, नाही तर निलंबन."

"वाया घालवली म्हणजे?"

"टाकून दिली. खराब झालेली होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, पडद्यावर तर चार अंश दाखवतंय, मग खराब कशी होईल? तू काय संगणकापेक्षा शहाणी का? मी म्हटलं, साहेब, कुपी बघा. त्यांनी पडदा बघितला."

कुंदाला एक गोष्ट आठवली. दीड महिन्यापूर्वी ताईनं असाच फोन केला होता. संगणकावर राखणदाराचा सारखा लाल दिवा लागतोय, काय करू, म्हणून विचारत होती. कुंदा त्या वेळी आढाव्याच्या गडबडीत होती. "ताई, तिकडची यंत्रं ओरडतच असतात," ती म्हणाली होती. "तू लक्ष देऊ नकोस. दोन-चार दिवसांत आपोआप बंद होईल."

आणि तो दिवा खरंच बंद झाला होता.

*

रविवारी ती वांगणपाड्याला पोहोचली तेव्हा ऊन रणरणत होतं. फ्रीजवरचा पडदा ४.२ अंश दाखवत होता. कुंदानं झाकण उघडून हात घातला. आत गार होतं.

"आता गारच लागणार," ताई म्हणाली. "ऊन आहे, सोलरला जोर आहे. पहाटे बघ. पूर्वी आत थर्मामीटर असायचं, सकाळ-संध्याकाळ मी वहीत लिहायचे. दोन वर्षांमागं थर्मामीटर काढून नेलं, वहीपण बंद केली. म्हणे आता सगळं आपोआप नाशिकला कळतं."

"कळतं," कुंदा म्हणाली, आणि तिला स्वतःचा आवाज आवडला नाही.

ताईनं कपाटातून एक रिकामी कुपी काढून तिच्या तळहातावर ठेवली. पोलिओच्या लशीची. लेबलवर एक गडद जांभळा गोल होता आणि त्याच्या आत एक छोटा चौकोन. चांगल्या लशीवर तो चौकोन पांढरट असतो. ऊब लागेल तसा तो काळवंडत जातो, आणि गोलाइतका गडद झाला की ती लस कुणाला द्यायची नाही. या कुपीवर गोल कुठला आणि चौकोन कुठला, ते ओळखू येत नव्हतं.

"पोलिओची लस सगळ्यात नाजूक, म्हणून ती आधी बोलते," ताई म्हणाली. "ह्याला ना वीज लागत, ना नेट. आणि कुणाला बंद करता येत नाही."

पहाटे पाच वाजता ताईनं तिला उठवलं. दवाखान्यात अंधार होता, फक्त पडद्यावरचा आकडा चमकत होता. ४.२. कुंदानं झाकण उचललं. आतून गार वाफ आली नाही. कडेच्या भिंतीतला बर्फ विरघळलेला होता आणि कुप्या खोलीतल्या हवेइतक्याच कोमट होत्या. पडदा ४.२ म्हणत राहिला.

मग तिला पंख्याचा आवाज ऐकू आला. टेबलावरचा संगणक, गेल्या वर्षी एक्स-रे वाचण्यासाठी दिलेला तगडा संगणक, बंद असायला हवा होता. त्याचा पडदा काळाच होता. पण पेटी तव्यासारखी तापली होती आणि आतला पंखा धापा टाकत होता.

"हा एवढ्या पहाटे कुणाचं काम करतोय?" कुंदा स्वतःशीच म्हणाली.

तासाभरात तिला ते सापडलं. मालवेअर जुन्या जातीचं होतं, नवा होता तो त्याचा धूर्तपणा. दुसऱ्याच्या संगणकात शिरायचं आणि रात्रभर त्याच्याकडून कुणा परक्या माणसाची अवाढव्य गणितं करून घ्यायची, एवढाच त्याचा धंदा. शहरात यानं फार तर विजेचं बिल वाढलं असतं. इथे संगणक आणि फ्रीज एकाच सोलर बॅटरीवर होते. संगणक रात्रभर राबायचा, बॅटरी उतरायची, आणि मध्यरात्रीनंतर फ्रीज उपाशी पडायचा. फ्रीजवरच्या पडद्याचा आकडाही याच संगणकातून यायचा. चोरी उघड होऊ नये म्हणून मालवेअरनं तापमानाची जुनी नोंद उचलून तीच पुन्हा पुन्हा दाखवायला सुरुवात केली होती. गेल्या नऊ आठवड्यांचा आलेख कुंदानं काढला. एकाच आठवड्याची रेघ नऊ वेळा छापली होती. तीन दिवस पावसानं सोलर बंद होतं, तेव्हाही रेघ हलली नव्हती.

आणि ते शिरलं कुठून? जिल्ह्यावरून आलेल्या पेनड्राइव्हमधून. 'सुरक्षित संगणक पंधरवडा' साजरा करायचा होता, त्याचा माहितीपट त्यात होता. डोंगरात नेटवरून तो उतरत नाही म्हणून एकच पेनड्राइव्ह गाडीनं दवाखान्या-दवाखान्यांतून फिरवला होता. प्रत्येकानं तो लावून, कर्मचाऱ्यांना दाखवून, फोटो पाठवायचा असा आदेश होता. भिंतीवर तो फोटो लावलेलाही होता. त्यात ताई पहिल्या रांगेत बसली होती.

"कुंदे," ताई दारातून म्हणाली, "मला चौकोन दिसला तो मागच्या बुधवारी. त्याच्या आधीच्या बुधवारांना मी पोरांना लस दिलीय. चौकोन फिकट होता तरी मला आता खात्री नाही. सत्तावीस लेकरं आहेत. मला सगळ्यांची घरं माहीत आहेत, मी परत जाईन. पण तो पेनड्राइव्ह पुढं कुठं कुठं गेला, ते कोण बघणार?"

*

त्याच सोमवारी नाशिकला परतल्याबरोबर कुंदानं राखणदाराची स्मृती उघडली. दवाखाने तिथं नावानं नसत, क्रमांकानं असत. वांगणपाड्याचा क्रमांक तिनं आयुष्यात पहिल्यांदा शोधून काढला.

राखणदारानं चोर पहिल्याच रात्री ओळखला होता. संशय एक्क्याण्णव. दुसऱ्या रात्री अठ्ठ्याऐंशी. त्यानं एकूण त्रेसष्ट सूचना पाठवल्या होत्या, दर वेळी थोड्या खालच्या आवाजात. शेवटी आकडा सत्तरच्या खाली घसरला आणि तो गप्प झाला. प्रत्येक सूचनेपुढे तेच दोन शब्द होते, आणि त्यांच्यापुढे नाव: कुंदा वारघडे.

रडायला तिला वेळ नव्हता. माणसांच्या झटकण्यावरून शिकलेलं सगळं बाजूला ठेवून गेले तीन महिने पुन्हा तपास, असं तिनं राखणदाराला चाचणी-संगणकावर सांगितलं. अर्ध्या तासात यादी आली. एकशे अडतीस दवाखाने. बहुतेक सगळे पेनड्राइव्हच्या वाटेवरचे.

परवा बुधवार होता. बुधवारी सगळीकडे लसीकरण असतं.

मिराशी साहेबांनी यादी शांतपणे वाचली. ते आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. केला असता तर कुंदाला सोपं गेलं असतं.

"काम चांगलं केलंत," ते म्हणाले. "आता घाई नको. राखणदाराच्या रचनेत बदल म्हणजे तांत्रिक समितीची मान्यता लागते. समिती बारा तारखेला बसते."

"साहेब, परवा एकशे अडतीस ठिकाणी पोरांना लस देणार आहेत."

"सगळीच खराब असेल असं थोडंच आहे? आणि एकदम लसीकरण थांबवलं की लोकांचा विश्वास उडतो, तो परत येत नाही. तुम्ही त्याच भागातल्या, तुम्हाला मी काय सांगू?" त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. "त्यापेक्षा हे बघा. वांगणपाड्याच्या नोटिशीबाबत जिल्ह्यानं आपला अभिप्राय मागवलाय. 'यंत्रणा निर्दोष, केंद्रात कोणतीही सूचना प्रलंबित नाही, मानवी निष्काळजीपणा संभवतो.' सही सूचना विभागाच्या प्रमुखांची लागते."

"ती नर्स माझी बहीण आहे."

"मग तर तुम्ही या यादीत पडूच नका. लोक म्हणतील, बहिणीला वाचवायला रचलं." ते जरा पुढे वाकले. "आणि मॅडम, त्या त्रेसष्ट सूचनांवर नाव कुणाचं आहे? माझं नाही. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

प्रलंबित सूचना एकही नाही, हे अक्षरशः खरं होतं. कुंदाच्या अंगाचा तिळपापड झाला तो याच गोष्टीनं. कुणी खोटं बोलत नव्हतं. जिल्ह्यानं पंधरवडा साजरा केला होता, डॉक्टरांनी पडदा वाचला होता, साहेबांनी नियम सांगितला होता, आणि तिनं स्वतः बटण दाबलं होतं. सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं, आणि जिनं वाकून कुपीवरचा चौकोन बघितला तिला नोटीस मिळाली होती.

"कागद माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "उद्या देते."

*

मंगळवारी अकरा वाजता संचालिका सबनीसबाई येऊन बसल्या. समोर फलक हिरवागार होता. मिराशी साहेबांनी सुरुवात केली, "सलग सतरावा आठवडा, मॅडम, दुर्गम भागातून एकही धोका नाही."

कुंदा उठली. राखणदाराची किल्ली तिच्या हातात होती. सूचना कधी वाजाव्यात हे ठरवायचा अधिकार अजून तिचाच होता, आणि समितीची मान्यता नंतर मागता येणार होती. तिनं तीन नियम बदलले. झटकलेल्या सूचनांवरून शिकणं बंद. एकदम खूण करून बटण दाबणं बंद. आणि दवाखान्यातल्या माणसानं स्वतः कळवलेला धोका नाशिकमधून कुणालाही मिटवता येणार नाही. तो मिटवेल ज्यानं कळवला तोच.

फलकावर आधी वांगणपाडा लाल झालं. मग त्याच्या शेजारचा पाडा. मग गाडी ज्या रस्त्यानं गेली होती तो सगळा रस्ता एकेक ठिपका करत उजळत गेला, घाट उतरला, दुसऱ्या जिल्ह्यात शिरला.

"हे काय आहे?" सबनीसबाईंनी विचारलं.

कुंदानं पर्समधून कुपी काढून त्यांच्यासमोर ठेवली. चौकोन म्हणजे काय हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्या डॉक्टर होत्या. त्यांनी चष्मा काढून कुपी डोळ्यांजवळ नेली.

"एकशे अडतीस फ्रीज आहेत, मॅडम. पडदे सगळीकडे चार अंश दाखवतायत, ते खोटं आहे. उद्याचं लसीकरण थांबवायला हवं. सगळ्यांना आत्ता फोन करून कुप्या बघायला सांगा, पडदा नको."

"मॅडम, ही तांत्रिक चाचणी आहे, समितीसमोर…" मिराशी साहेबांनी सुरुवात केली.

"राखणदारानं कळवलं नाही?" सबनीसबाईंनी कुंदाकडेच बघत विचारलं.

"कळवलं होतं. एकट्या वांगणपाड्याहून त्रेसष्ट वेळा."

"मग त्या सूचना कुणी बंद केल्या?"

मिराशी साहेब कागद सरळ करू लागले. कुंदाला ताईची गोधडी आठवली. एवढीशी गोधडी, आणि तिच्यावर केवढा विश्वास टाकून ताई रात्रभर बसायची.

"मी," ती म्हणाली. "त्रेसष्टच्या त्रेसष्ट. आणि या फलकावरच्या बाकीच्याही. हा फलक हिरवा दिसावा म्हणून."

*

बुधवारी लसीकरण झालं नाही. वर्तमानपत्रांनी त्याला गोंधळ म्हटलं. आमदारांनी जाब विचारला. एकशे अडतीसपैकी शहाण्णव ठिकाणी चौकोन काळे निघाले. उरलेल्या ठिकाणी कुप्या आधीच संपल्या होत्या, म्हणजे त्या कुणाच्या ना कुणाच्या पोटात गेल्या होत्या. किती लेकरांना पुन्हा लस द्यायची याची मोजदाद सुरू झाली. कुंदा निलंबित झाली, आणि त्यात तिला अन्याय वाटला नाही. अन्याय वाटला तो याचा की मिराशी साहेब चौकशी समितीचे सचिव झाले.

पुढच्या सोमवारी दुपारी ताईचा फोन आला.

"लस आली गं. शीतपेटीतून आली, चौकोन पांढरेस्वच्छ आहेत. थर्मामीटरपण पाठवलंय. सत्तावीसपैकी एकोणीस लेकरं झाली, बाकीची उद्या करते. एक कुटुंब वीटभट्टीवर कामाला गेलंय, त्यांना शोधायला लागेल."

"आणि तुझी नोटीस? मागे घेतली का?"

"मी खुलासा दिला होता ना चार पानी. सगळं लिहिलं होतं. कधीपासून फ्रीज कोमट, कधी संगणकावर लाल दिवा लागला, कुपीचा फोटोपण लावला होता. तो आज परत आला."

"काय म्हणतायत?"

"काही नाही. वर शिक्का मारलाय." ताईनं कागद उलटल्याचा आवाज आला. "'दखल घेतली.' खाली सही. माफी नाही, नोटीस रद्द केल्याचंही लिहिलेलं नाही."

कुंदाला संताप आला, आणि त्या संतापात तिचा स्वतःचा वाटा किती आणि साहेबांचा किती, ते तिला वेगळं करता येईना.

"ताई, तो कागद फाडू नकोस," ती म्हणाली. "मला त्याचा फोटो पाठव."

मग ती चौकशी समितीला द्यायचं निवेदन लिहायला बसली. आतापर्यंत तिनं त्याची तीन वेळा सुरुवात केली होती, आणि तिन्ही वेळा स्वतःचा खुलासा आधी आला होता. या वेळी तिनं ताईची चार पानं जशीच्या तशी वर लावली. खाली पहिलं वाक्य लिहिलं: सूचना आल्या होत्या.